कॉलेजचा ग्रुप घेऊन हम्पता पास करायचाय? आधी एक दिवस जास्तीचा धरा

दरवर्षी सबमिशन्स संपत आली की ज्युनियर्सचे मेसेज यायला लागतात, ताई आम्ही १२ जण आहोत, पॅकेज न घेता आपलं आपण हम्पता करायचाय, कसं करू. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी दोनदा गेलेय, एकदा ग्रुपबरोबर आणि एकदा ग्रुप घेऊन, आणि या दोन्हीत किती फरक असतो ते मला दुसऱ्या वेळी कळलं.

आधी जागा समजून घ्या. हम्पता पास म्हणजे हिमाचलमध्ये कुल्लू आणि लाहौल यांच्या मधली खिंड, उंची साधारण ४२७० मीटर. चढता त्या बाजूला देवदार, भूर्ज, हिरवी कुरणं, मेंढ्या, आणि पलीकडे उतरलात की एकदम उघडे तपकिरी डोंगर, कारण पावसाचे ढग अलीकडेच रिकामे होतात आणि लाहौल पर्जन्यछायेत येतं. आपल्याकडे घाटमाथ्यावरून देशावर उतरताना जसं होतं तसंच, फक्त इथे तो बदल एका दिवसात पायाखालून जातो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीत तुम्ही कितीही फिरला असलात तरी उंचीची सवय झालेली नसते, पायांना झालेली असते. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण सगळ्यात फिट मुलंच इथे चुकतात.

कधी जायचं? मेमध्ये नको, वर बर्फ खूप असतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाता येतं पण खिंडीच्या दोन्ही बाजूंना बर्फ मिळेल हे धरून गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची कव्हरं) आणि मायक्रोस्पाईक्स (बर्फावर न घसरायला बुटाखाली लावायचे खिळे) भाड्याने घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस, दरडी. सप्टेंबर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, हवा स्वच्छ, इंद्रासन आणि देव तिब्बा ही दोन्ही शिखरं दिसतात, ओढ्यांना पाणी कमी, पण थंडी जास्त आणि गणपतीच्या सुट्टीच्या आसपास बसवावं लागतं. आणि सप्टेंबर म्हणजे सगळं सुरळीत असंही नाही. २०१८ च्या सप्टेंबरच्या शेवटी लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडला तेव्हा आयआयटी रुरकीची तीसेक मुलं हम्पताच्याच ट्रेकला गेलेली होती, त्यांचा संपर्क तुटला, देशभर बातमी झाली, नंतर सगळी सुखरूप असल्याचं कळलं. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला, मनालीचे रस्ते वाहून गेले आणि वर चंद्रताल तलावाजवळ जवळपास ३०० लोक बर्फात अडकले, त्यांना काही दिवसांनी बाहेर काढलं. घाबरवायला सांगत नाहीये. अडकलात तर एक दिवस खर्च करायची ऐपत तुमच्या प्लॅनमध्ये आहे का, एवढंच विचारतेय.

आता प्लॅन. मी असा करते: पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून बसने मनाली. मनाली २०५० मीटरवर, तिथे दोन रात्री. मधल्या दिवशी वशिष्ठवरून जोगिनी धबधब्यापर्यंत चालून यायचं, गॅस आणि भाजी घ्यायची, भाड्याच्या तंबूचं प्रत्येक पोल उघडून बघायचं. तिसरी रात्र सेथनला, २७०० च्या आसपास. ही रात्र बहुतेक जण गाळतात आणि थेट मनालीहून जोब्राला गाडीने जाऊन चिकाच्या कॅम्पला चालत पोचतात. म्हणजे एका दिवसात हजार मीटर वर, शरीराला काही कळायच्या आत. मग चिका ३१०० ला, तिथून बालू का घेरा ३६०० ला. बालू का घेराला दोन रात्री. सेथनचा दिवस पहिला धरला तर पाचव्या दिवशी पास करून शिया गोरूला ३९०० वर मुक्काम, सहाव्या दिवशी छत्रूला उतरायचं ३३०० वर. छत्रूहून गाडीने चंद्रताल बघून या किंवा सरळ अटल टनेलमधून मनाली. टनेल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, ९ किलोमीटरचा आहे, आधी रोहतांग चढून जावं लागायचं, त्यामुळे परतीचा प्रश्न खूप सोपा झालाय. मनालीत परतल्यावर रेल्वेच्या आधी अजून एक मोकळा दिवस. पुणे ते पुणे १५ दिवस धरा.

पंधरा दिवस म्हटलं की ग्रुपमध्ये पहिली मारामारी होते. कोणाची इंटर्नशिप, कोणाच्या घरी लग्न, आणि मग सगळ्यांचं एकमत होतं की बालू का घेराला दुसरी रात्र कशाला, तिथे नुसतं बसूनच राहायचंय ना. तिथे थांबा. तो दिवस कापू नका. मी कापला होता. आमची परतीची तिकिटं काढलेली होती, रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि १२ जणांची कन्फर्म तिकिटं मिळाली की कोणाला ती हलवावीशी वाटत नाहीत, म्हणून मी कागदावर एक रात्र खोडली आणि सगळे खूश झाले.

बालू का घेराला संध्याकाळी खिचडी झाली होती. सेकंड इयरचा एक मुलगा, कॉलेजच्या फुटबॉल टीममधला, ताट घेऊन बसला होता आणि चमच्याने खिचडीचा एक बाजूचा ढीग दुसऱ्या बाजूला करत होता. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मी विचारलं डोकं दुखतंय का, म्हणाला नाही ताई, थंडी वाजतेय नुसती. मग उठला आणि बुटाची लेस बांधायला वाकला, आणि तो एक गाठ मारायला इतका वेळ लावत होता की मी उभी राहून बघतच राहिले, बोटं लेसला सापडत नव्हती. तरी हसला आणि म्हणाला मी ठीक आहे, उद्या पास आहे ना. रात्री दोनला तंबूबाहेर उलटीचा आवाज आला. नंतर त्याने सांगितलं की डोकं चिकापासूनच दुखत होतं, पण आपल्याकडे एक्स्ट्रा दिवस नाही हे त्याला माहीत होतं, आपल्यामुळे ११ जणांचा पास जायला नको म्हणून बोलला नाही.

म्हणून मी या दिवसाच्या एवढी मागे लागते. बालू का घेराचा मोकळा दिवस शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून असतो हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण त्या दिवसाचं अजून एक काम आहे. तो असला की मुलं खरं सांगतात. तो नसला की चांगली, समजूतदार, दुसऱ्यांचा विचार करणारी मुलं सगळ्यात आधी लपवतात. तिकिटं काढायच्या आधी हा दिवस धरा आणि ग्रुपला स्पष्ट सांगा की हा दिवस आजारी पडणाऱ्यासाठी राखलेला आहे, कोणी आजारी पडलं नाही तर सगळे मिळून उन्हात बसू.

उंचीच्या त्रासाबद्दल अगदी थोडक्यात पण नीट वाचा. ४२०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण ६० टक्केच मिळतो. ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक आराम, असा ढोबळ नियम आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी मी वही काढते आणि प्रत्येकाला चार गोष्टी विचारते: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक नसणे, थकवा, चक्कर. प्रत्येकाला ० ते ३ मार्क, ० म्हणजे काही नाही आणि ३ म्हणजे खूप. डोकेदुखी आहे आणि एकूण ३ किंवा जास्त, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी वर जात नाही. डॉक्टर लोक वापरतात तीच ही पद्धत आहे. हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू नका, प्रत्येकाच्या तंबूत जाऊन विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं. ऑक्सिमीटर न्या पण आकडा चांगला आला म्हणून दुखणारं डोकं खोटं ठरवू नका.

दोन गोष्टींत विचार करत बसायचंच नाही. एक, माणूस नीट चालू शकत नाही, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं तर झोकांडी जाते, किंवा बोलण्यात गडबड होते. हे मेंदूला सूज आल्याचं लक्षण. दोन, नुसतं बसलेला असताना धाप लागते, खोकला येतो, छातीत घरघर. हे फुप्फुसात पाणी होतंय. दोन्हीत त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी, आणि एकट्याला कधीच नाही. गोळी दिलीये, सकाळपर्यंत बघू, हे चालत नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात, तर ती गोळी निघायच्या आधी पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्यायची, काहींना सल्फाची अ‍ॅलर्जी असते त्यांना चालत नाही, आणि गोळी घेतली म्हणजे आरामाचा दिवस कापायला मोकळे असा अर्थ होत नाही.

तयारी आठ आठवडे आधी सुरू करा. आठवड्यातून एकदा सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. पहिल्या आठवड्यात ५ किलो, शेवटी १० किलो. वेळ मोजू नका, वर पोचल्यावर सलग बोलता येतंय का ते बघा. एकदा तरी राजगड-तोरणा दोन दिवसांत सगळा ग्रुप मिळून करा, स्वतःचा तंबू, स्वतःचा स्वयंपाक. त्यात कोण चिडतो, कोण सगळ्यांचं पाणी संपवतो, कोणाचे बूट चावतात हे सगळं कळतं आणि कळलेलं बरं. नवीन बूट घेऊन थेट मनालीला कोणी येऊ नका, निदान तीन ट्रेक त्या बुटांत झाले पाहिजेत.

सॅक ५० ते ६० लिटरची. भाड्याने घेतली तरी चालेल पण पट्टे ओढून बघा, वजन खांद्यावर नाही कमरेच्या पट्ट्यावर आलं पाहिजे. भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान मधोमध आणि पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यात वर. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरा, बाहेरचं कव्हर पुरत नाही. जीन्स आणि सुती टीशर्ट घरी ठेवा, भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाड जॅकेट, वरून वारा-पाऊस अडवणारं काहीतरी, हे चार थर झाले की बाकी कपडे दोन जोड्या पुरतात. लोकरीचे मोजे तीन, त्यातला एक फक्त झोपताना, तो चालायला कधीच वापरायचा नाही. चांगला गॉगल हवाच, बर्फावरून परावर्तित ऊन डोळे अक्षरशः भाजतं. हेडटॉर्च, सनस्क्रीन, मागे पट्टा असलेले सँडल. फ्लोटर्स चालतील, स्लीपर चालणार नाही, का ते पुढे सांगते. मुलींनी पाळीच्या तारखेचं काहीही असो पॅड सोबत ठेवाच, उंचीवर तारीख पुढेमागे होऊ शकते, आणि वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून परत खाली आणायचे. लीडर मुलगा असेल तर हे सांगायला एक मुलगी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर कोणी कोणालाच काही विचारत नाही.

सॅटेलाईट फोनचा विचार करू नका, आपल्याकडे परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. जोब्राच्या पुढे रेंज मिळणार नाही हेच धरून चाला. घरच्यांना प्लॅनचा कागद द्या, कुठल्या रात्री कुठे, आणि अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करा, ही तारीख जास्तीचा दिवस धरून लिहा.

लोकल गाईडशिवाय जाऊ नका, १२ जणांना दोन हवेत. कारण सरळ आहे, एक आजारी माणसाबरोबर खाली गेला तर बाकीच्यांकडे एक उरला पाहिजे. तंबू आणि शिधा घोड्यांवर द्यायचा की पाठीवर न्यायचा हे तुमच्या ताकदीवर. मी म्हणेन पहिल्यांदा जात असाल तर जड सामान घोड्यावर द्या, त्यात कमीपणा काही नाही. परवानगी आणि नोंदणीचं मनालीत गाईडकडूनच करून घ्या, आणि कॉलेजचं पत्र, मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट, पालकांची सही हे इथूनच घेऊन जा.

खाण्यावर मी खूप बोलू शकते. माणशी रोज ७०० ग्रॅमच्या आसपास कोरडा शिधा लागतो. बालू का घेराला पाणी ८८ अंशांच्या जवळपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, नुसती फिरत राहते, म्हणून ५ लिटरचा कुकर कितीही जड वाटला तरी न्याच. तूरडाळ नको, मूगडाळ न्या. घरून भाजलेला, फोडणी घातलेला रवा डब्यात भरून न्यायचा, वर गरम पाणी ओतलं की उपमा तयार. बेसन, तिखट, लसूण यांचं पिठल्याचं कोरडं मिश्रण, आणि मेतकूट. मेतकूट विसरू नका, भूक मेलेली असते तेव्हा मऊ भात, तूप, मेतकूट एवढंच घशाखाली उतरतं, मी हे परत परत पाहिलंय. खिशात शेंगदाणा चिक्की, खजूर, आणि भडंग संध्याकाळच्या चहाबरोबर. पाणी ३ ते ४ लिटर रोज, ओढ्याचं असलं तरी उकळून किंवा गोळी टाकून. गॅसचे कॅन रेल्वेत नेता येत नाहीत, मनालीतच घ्या. रॅपर्स सगळे परत. शौचाला पाण्यापासून ६०-७० मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, बुजवून.

चालताना गाईड पुढे, त्याच्या मागे ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा, आणि सगळ्यात शेवटी बॅकलीड, जो कोणालाही मागे सोडत नाही. हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं की तो पोचतो तेव्हा बाकीच्यांचा आराम झालेला असतो आणि सगळे उठतात, म्हणजे ज्याला सगळ्यात गरज त्यालाच आराम मिळत नाही. पासच्या दिवशी पहाटे निघा, सात ते नऊ तास लागतात, आणि परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा. आमची दुपारी १२ होती. १२ पर्यंत माथ्यावर नाही तर जिथे असू तिथून मागे. ही वेळ बालू का घेराला पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवायची, कारण वर धाप लागलेली असताना समोर खिंड दिसत असेल तर कोणीच मागे फिरायचं म्हणत नाही.

आता सँडलचं. या वाटेवर ओढे चालत ओलांडावे लागतात, चिका आणि बालू का घेराच्या मध्ये ज्वाराला एक आणि शिया गोरूचा एक. पाणी वितळलेल्या बर्फाचं. दुपारी ऊन तापलं की पाणी वाढतं, म्हणून शिया गोरूचा ओढा सकाळी लवकर पार करायचा. बूट काढून सॅकला बांधा, सँडलचे पट्टे घट्ट, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकून उठता येईल. तिघा-चौघांनी दंडात दंड अडकवून, तोंड प्रवाह येतो तिकडे करून, एका वेळी एकच पाऊल, खेकड्यासारखं आडवं सरकत. आमच्या वेळी पाणी गुडघ्याच्या थोडं वर होतं. पहिली दोन पावलं पाय दुखले, मग दुखायचे थांबले, आणि तिथून पुढे मला पायाखाली दगड आहे की नाही हे कळत नव्हतं, डोळ्यांनी बघून पाय ठेवत होते. अनवाणी गेलात तर इथेच घसरता. पलीकडे गेल्यावर लगेच पाय कोरडे करून, चोळून, मोजे घाला, फोटो नंतर.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. पहाट व्हायची वाट पाहिली, कारण तो सरळ चालत होता आणि नीट बोलत होता, मग एक गाईड आणि त्याचा रूममेट त्याला घेऊन चिकाला उतरले. दुपारपर्यंत त्याची डोकेदुखी गेली आणि त्याने दोन वाट्या डाळभात खाल्ला असं गाईडने नंतर सांगितलं. ते तिघे मनालीला गेले. आम्ही त्या दिवशी बालू का घेरालाच थांबलो, तिकिटं गेली तर गेली. छत्रूला उतरलो तेव्हा आम्हाला न्यायला आलेल्या गाडीतून तो आणि रूममेट दोघं टनेलमार्गे आधीच येऊन बसले होते, हातात सफरचंदांची पिशवी. त्याने माझी सॅक उतरवून घेतली आणि म्हणाला ताई, पुढच्या वर्षी परत.

परतीची तिकिटं चुकलीच होती, जनरलच्या डब्यातून उभ्याने दिल्लीपर्यंत आलो. म्हणून मनालीतला तो शेवटचा मोकळा दिवसही ठेवा. रस्ता बंद नसेल तर त्या दिवशी तंबू उन्हात वाळवून परत करा, ओला दिला तर डिपॉझिट कापतात, औषधाच्या डब्यात काय संपलं ते वहीत लिहा, आणि सगळा हिशोब १२ जण एकत्र असतानाच मिटवून टाका.